कानामागचे यंत्र आणि आपला कानाडोळा

‘बरा झाला’ हे दोन शब्द आपण फार उदारपणे वाटत असतो. ताप उतरला की माणूस बरा होतो, मोडलेले हाड सांधले की बरा होतो; आणि अलीकडे, जन्मतः बहिऱ्या असलेल्या मुलाच्या कानात शस्त्रक्रिया करून यंत्र बसवले की तेही मूल बरे होते. वर्तमानपत्रात तसा मथळा येतो. सोबत छायाचित्र असते : मध्यभागी शाल पांघरलेले पुढारी, उजव्या हाताला डॉक्टर, डाव्या हाताला कुठल्याशा संस्थेचे अध्यक्ष, आणि कोपऱ्यात आईच्या कडेवर, डोक्याला पट्टी बांधलेले ते मूल. पुढारी त्याच्याकडे वाकून काहीतरी बोलत असतात. या यंत्राचा बाहेरचा भाग जखम भरल्यावर, बहुधा तीन-चार आठवड्यांनी चालू करतात आणि तोवर त्या मुलाला एक अक्षरही ऐकू येत नसते, ही गोष्ट समारंभ ठरवणाऱ्यांच्या गावीही नसावी.

माझे आजचे भांडण या दोन शब्दांशी आहे. शस्त्रक्रिया झालेले मूल बरे झालेले नसते. ते शस्त्रक्रियेपूर्वी बहिरे होते आणि नंतरही बहिरेच असते. आता ते यंत्राच्या आधाराने ऐकणारे बहिरे मूल असते, इतकेच. हे वाक्य कित्येकांना निर्दय वाटेल. मला ‘बरा झाला’ हे वाक्य त्याहून कितीतरी निर्दय वाटते. कारण ते एकदा उच्चारले की सरकार हात झटकते, शाळा हात झटकते, शेजारीपाजारी हात झटकतात, आणि त्या मुलाचे पुढचे सारे आयुष्य त्याच्या आईच्या एकटीच्या अंगावर पडते.

मी डॉक्टर नाही. माझे शिक्षण विचाराल तर मॅट्रिक, म्हणजे आताची दहावी, आणि त्यावर ड्रॉइंगचा डिप्लोमा. सिंधुदुर्गातल्या एका माध्यमिक शाळेत गेली वीस-बावीस वर्षे मी चित्रकला शिकवतो आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. मग या विषयात बोलण्याचा माझा अधिकार कोणता? तो एवढाच, की शाळेत बहिरे मूल आले की ते हटकून माझ्याकडे पाठवले जाते. देवाने कान नेले तर हातात कला दिलीच असली पाहिजे, असा आपल्या लोकांचा ठाम समज आहे. ‘ह्याला तुमच्या चित्रकलेत घाला, मास्तर,’ असे म्हणून गणिताचे शिक्षक मोकळे होतात. सध्या माझ्याकडे अशीच एक सातवीतली मुलगी आहे. चौथे वर्ष चालू असताना सरकारी योजनेतून तिच्या उजव्या कानात यंत्र बसले. तिची चित्रे अगदी सामान्य असतात; तिची आवड भूमितीची आहे. पण भूमितीच्या तासाला ती मागच्या बाकावर बसते, कारण उंचीप्रमाणे बसवण्याचा आमच्या शाळेचा नियम आहे.

हे यंत्र आहे तरी काय, ते आधी नीट समजून घेतले पाहिजे, म्हणजे ‘बरा झाला’मधला खोटेपणा आपोआप उघडा पडेल. आपल्या अंतर्कर्णात शंखासारखी एक इवलीशी वळणदार नळी असते. तिच्यात आवाजाची थरथर टिपून मज्जातंतूला पोचवणाऱ्या केसांसारख्या पेशी असतात. त्यांतल्या ऐकण्याचा मुख्य भार वाहणाऱ्या पेशीच सुमारे साडेतीन हजार भरतात. जन्मतः ठार बहिऱ्या मुलांत बहुधा याच पेशी निकामी असतात. कॉक्लिअर इम्प्लांट या पेशींना वळसा घालते. कानामागच्या यंत्रातला मायक्रोफोन आवाज टिपतो, त्याचे विद्युत्संकेत करतो आणि चुंबकाने डोक्याला चिकटलेल्या चकतीतून ते कातडीखालच्या भागाकडे पाठवतो. तिथून ते शंखात सरकवलेल्या बारीक तारेवरच्या विद्युत्टोकांतून थेट श्रवणतंतूला पोचतात. ही टोके किती? यंत्रायंत्राप्रमाणे बारा, सोळा, फार तर बावीस. बावीस म्हटले की आपल्याला श्रुती आठवतात. पण गवयाचा कान दोन श्रुतींच्या मध्येही हिंडून येतो, या मुलाला तेवढी मुभा नाही. साडेतीन हजारांचे काम बावीसजण करणार! ते जितके करतात तितके करतात हेच मोठे नवल आहे, आणि त्या नवलापुढे मी मनापासून नमस्कार करतो.

त्याचा इतिहासही नमस्कार करण्याजोगाच आहे. १९५७ साली पॅरिसमध्ये जुर्नो आणि एरिएस यांनी एका बहिऱ्या माणसाच्या श्रवणतंतूला प्रथम विजेची चेतना दिली. १९६१ साली लॉस एंजेलिसला विल्यम हाउस यांनी माणसाच्या कानात असे साधन बसवले. ऑस्ट्रेलियातल्या ग्रॅम क्लार्क यांचे वडील औषधविक्रेते होते आणि त्यांना ऐकू येत नसे. गिऱ्हाइकाचे बोलणे समजून घेताना वडिलांची होणारी ओढाताण त्या मुलाने दुकानात उभे राहून पाहिली होती. त्याच मुलाने पुढे १९७८ साली मेलबर्नला अनेक टोकांचे यंत्र माणसाच्या कानात बसवले. लहान मुलांसाठी अमेरिकेत १९९० साली परवानगी मिळाली. मी या विद्येच्या विरुद्ध आहे असा समज कुणी करून घेऊ नये. बहिरेपण लवकर ओळखले, तीन-साडेतीन वर्षांच्या आत यंत्र बसले आणि पुढची मेहनत झाली, तर कितीतरी मुले बोलू लागतात, फोनवर आजीला हाक मारतात. सात वर्षांनंतर जन्मतः बहिऱ्या मुलाला तोच लाभ क्वचितच होतो, कारण मेंदूचा तो कोपरा तोवर दुसऱ्या कामाला लागलेला असतो. म्हणूनच ‘त्याचा बापही उशिराच बोलला होता’ असे म्हणून तीन-तीन वर्षे घालवणाऱ्या आज्यांचा मला राग येतो, आणि प्रत्येक नवजात बालकाचे कान तपासण्याची सोय गावोगावी अजूनही न करणाऱ्या आरोग्यखात्याचा त्याहून अधिक येतो. विद्येशी माझे भांडण नाही. विद्या वापरून झाल्यावर आपण जी पाठ फिरवतो तिच्याशी आहे.

आता या मुलांना काय ऐकू येते ते पाहा. शांत खोलीत, समोर बसून, एका माणसाने बोललेले चांगले समजते. तेवढेच दवाखान्यात तपासतात आणि कागदावर चांगले गुण देतात. पण आयुष्य दवाखान्याच्या खोलीत घडत नाही. आमच्या वर्गात पन्नास मुले आहेत आणि वर पत्रे आहेत. आषाढात त्या पत्र्यांवर पाऊस कोसळू लागला की धडधाकट कानांनासुद्धा फळ्याजवळचे बोलणे समजत नाही. यंत्राला तर पाऊस, बाकांचा खडखडाट आणि मास्तरांचे प्रमेय हे सारे सारखेच महत्त्वाचे वाटते. गोंगाटातून हवा तो आवाज वेचून घेण्याचे आपल्या कानांचे कसब त्याच्यापाशी फारच थोडे आहे. शिवाय सरकारी खर्चाने बहुतेक मुलांना एकाच कानात यंत्र मिळते. एकाच कानाने हाक ऐकू येते, पण ती कुठून आली ते कळत नाही. मुलगी भलतीकडेच पाहते आणि वर्ग हसतो.

मग ती ओठ वाचते. ओठ वाचणे म्हणजे काहीतरी जादू आहे अशी सिनेमाने आपली समजूत करून दिली आहे. वाचकांनी आरशासमोर उभे राहून आवाज न काढता ‘पाय’, ‘बाय’ आणि ‘माय’ हे तीन शब्द म्हणून पाहावेत. ओठांवर तिन्ही एकच दिसतात. ‘क’ आणि ‘ग’ तर ओठांवर दिसतच नाहीत, ते घशाशी उमटतात. तेव्हा हे मूल अर्धे ऐकते, पाव वाचते आणि उरलेले पाव अंदाजाने जोडते, आणि हे सगळे मास्तरांचे पुढचे वाक्य सुरू होण्याच्या आत. सकाळपासून संध्याकाळपर्यंत असे कोडे सोडवत बसायचे. शाळा सुटल्यावर ही मुलगी बसथांब्यावर येते, डोक्यावरची चकती ओढून काढते आणि खिशात टाकते. तिच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जी स्वस्थता येते ती मी कित्येकदा पाहिली आहे. तेवढ्यात कुणीतरी शहाणे म्हणते, ‘अगो, मशीन लाव मगे! सरकारान उगाच दिला?’ शांत बसण्याचा हक्क आपण मूल झोपले की त्याला देतो. या मुलीला जागेपणी तो मिळू नये असे आपण कोण ठरवणारे? (दिवाळीत मात्र मला तिचा हेवा वाटतो. फटाक्यांची माळ लागली की ती चकती काढून ठेवते आणि निवांतपणे भुईनळे बघते.)

मराठीत ‘कानावर पडणे’ असा एक सुंदर प्रयोग आहे. आपण जे शिकलो त्यातले निम्म्याहून अधिक कुणी शिकवले नव्हते. ते कानावर पडले होते. माजघरातली कुजबुज, ओटीवरची जमिनीची भांडणे, बसमधल्या बायकांचे बोलणे, मधल्या सुट्टीतले चावट विनोद, हे सारे आपल्याला उद्देशून नव्हते, तरी आपलेच झाले. यंत्रवाल्या मुलाला जे त्याच्याकडे तोंड करून बोलले जाते ते मिळते. कानावर मात्र फारसे काही पडत नाही. त्यामुळे तेराव्या-चौदाव्या वर्षी असे दिसते की या मुलाला पाठ्यपुस्तकातले ‘प्रकाशसंश्लेषण’ येते, पण ‘मुरंबा’ आणि ‘मोरावळा’ यांतला फरक येत नाही, घरात काका का बोलत नाहीत हे ठाऊक नसते, आणि विनोद संपल्यावर आपण का हसायचे हेही कळत नाही. ते हसते, इतरांबरोबर हसते, अर्ध्या पळाच्या उशिराने. त्या अर्ध्या पळाची नोंद कुठल्याही तपासणीच्या कागदावर होत नाही.

इथे एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. अमेरिकेत डलास येथील संशोधकांनी यंत्र बसवलेल्या मुलांनाच प्रश्न विचारले, त्यांच्या आईबापांना किंवा डॉक्टरांना नव्हे : तुमचे कसे चालले आहे, घरी कसे वाटते, मित्र कसे आहेत, शाळा कशी आहे? २०१० साली ते प्रसिद्ध झाले. एकंदरीत या मुलांनी आपल्या जगण्याला दिलेले माप ऐकू येणाऱ्या मुलांच्या जवळपासच निघाले. ‘बरा झाला’वाल्यांना वाटेल, पाहा, आमचेच खरे! पण त्याच मुलांतली लहान मुले जितकी खूश होती तितकी मोठी मुले नव्हती. याचे आश्चर्य मुळीच वाटू नये. आठव्या वर्षी मैत्री म्हणजे एकत्र धावणे असते. चौदाव्या वर्षी मैत्री म्हणजे घोळक्यात, अंधारात, हळू आवाजात बोलणे असते. यंत्र तेच राहते आणि मैत्रीचा धंदा बदलतो. आपल्याकडे तर मुलांना कुणी विचारतच नाही. आपण विचारतो फक्त एक प्रश्न, ‘आता ऐकू येते ना?’ आणि त्यावर मान हलवणे हे ती मुले फार लवकर शिकतात.

आता पैशाचे बोलू, कारण सरकारला तीच भाषा समजते असे म्हणतात. केंद्र सरकारच्या ‘एडिप’ योजनेत २०१४ साली सुधारणा झाली आणि पाच वर्षांखालील जन्मतः बहिऱ्या मुलांसाठी प्रत्येकी सहा लाखांपर्यंत खर्चाची तरतूद झाली. वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेकडे त्याची मध्यवर्ती जबाबदारी आली. फार चांगले झाले. केरळने तर २०१२ सालीच ‘श्रुतितरंगम्’ नावाने आपली योजना काढली होती. शस्त्रक्रियेनंतर काही काळ बोलण्याचे शिक्षण मिळते, यंत्राची हमी असते. मग हमी संपते. मूल मात्र संपत नाही. ते साठ-सत्तर वर्षे जगणार असते. कातडीखालचा भाग पुष्कळ वर्षे टिकतो. बाहेरचा भाग काही वर्षांनी बदलावाच लागतो, आणि त्याची किंमत लाखांत असते. कंपनी नवा नमुना काढते आणि जुन्याचे सुटे भाग करणे थांबवते. एका कंपनीचा भाग दुसरीच्या यंत्राला चालत नाही, म्हणजे डोक्यात एकदा जी कंपनी बसली ती जन्माची सोयरीक. केरळात पुढे नेमके हेच घडले. जुनी यंत्रे बंद पडू लागली आणि त्यांच्या दुरुस्तीसाठी पालकांना आवाज उठवावा लागला. मुले ऐकू लागली हे सांगायला मंत्री येतात. ती पुन्हा ऐकेनाशी झाली हे सांगायला आईला एकटीलाच जावे लागते.

या मुलीची आई काजूच्या कारखान्यात कामाला जाते. आमच्याकडची हवा कशी असते ते कोकणातल्या वाचकाला सांगायला नको. पावसाळ्यात मिठाला पाणी सुटते, पुस्तकांना बुरशी येते. यंत्र रोज रात्री ओल शोषणाऱ्या गोळ्यांच्या डबीत ठेवावे लागते. तरी दोन पावसाळ्यांपूर्वी चकतीची तार गेली. इवलीशी तार, तिची किंमत काही हजारांत. त्याशिवाय यंत्राचे सूर वर्षातून एक-दोनदा पुन्हा जुळवून घ्यावे लागतात. त्याला ‘मॅपिंग’ म्हणतात. तंबोरा जुळवावा तसेच ते काम, फक्त जुळवणारा मुंबईत. म्हणजे रात्रीची कोकणकन्या, दोघींची तिकिटे, दोन दिवसांची मजुरी बुडीत, आणि तिथे गेल्यावर ‘बाई आज रजेवर आहेत’. त्या वेळी तार येईपर्यंत सात आठवडे मुलगी यंत्राविना शाळेत येत होती. सात आठवडे! शाळेत हे कुणाच्या लक्षातही आले नाही, कारण ती पूर्वीसारखीच गप्प बसत होती आणि पूर्वीसारखीच मान हलवत होती. तिची आई मला म्हणाली, ‘मास्तर, मशीन बिघडला तर माका कळता, चेडवाचा गप रवणा कोणाक दिसणा नाय.’ या वाक्यावर मला काही बोलता आले नाही.

आणि त्या सात आठवड्यांत तिच्यापाशी दुसरी भाषा नव्हती. हा या लेखातला माझा सर्वांत मोठा आक्षेप आहे, म्हणून जरा सविस्तर मांडतो. यंत्र बसवताना तिच्या आईला बजावून सांगितले गेले होते की हातवारे करायचे नाहीत, खाणाखुणा करायच्या नाहीत, मुलीने पाण्याकडे बोट दाखवले तर ‘पाणी’ म्हणेपर्यंत पाणी द्यायचे नाही. हातांनी बोलायची सवय लागली तर तोंडाने बोलणार नाही, असा त्यामागचा विचार. हा विचार नवा नाही. १८८० साली इटलीतल्या मिलान शहरी बहिऱ्यांच्या शिक्षकांची परिषद भरली आणि बहिऱ्या मुलांच्या शाळांतून खूणभाषा हद्दपार करावी असा ठराव तिने केला. ठराव करणाऱ्या दीडशेहून अधिक प्रतिनिधींत स्वतः बहिरा असलेला गृहस्थ फक्त एक होता! त्यानंतर जगभर शाळांतून मुलांच्या हातांवर छड्या बसल्या. या परिषदेच्या वारसदारांनी त्या ठरावाबद्दल जाहीर खेद व्यक्त केला तो २०१० साली, कॅनडातल्या व्हँकूव्हरला. एकशे तीस वर्षांनी. पण आमच्या तालुक्यापर्यंत तो खेद अजून पोचायचा आहे.

प्रतिपक्षाचे म्हणणे मी लपवणार नाही. २०१७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, ज्या घरांनी खूणभाषा वापरली नाही त्यांची यंत्रवाली मुले बोलण्यात आणि वाचनात पुढे दिसली. त्यावर टीकाकारांनी विचारले की बाकीच्या घरांतल्या आईबापांना खूणभाषा येत तरी किती होती? २०१४ साली दुसऱ्या संशोधकांनी बहिऱ्या आईबापांच्या पाच यंत्रवाल्या मुलांची इंग्रजी तपासली. ही मुले पाळण्यापासून अस्सल खूणभाषेत वाढलेली. त्यांची इंग्रजी ऐकणाऱ्या मुलांच्या तोडीची निघाली. पाच मुलांवरून सिद्धान्त बांधता येत नाही, हे मलाही कळते. विद्वानांचा वाद विद्वान मिटवतील. पण मी एक साधा प्रश्न विचारतो. यंत्र आंघोळीला काढतात, झोपताना काढतात, नदीत पोहताना काढतात. ते पडते, भिजते, त्याची बॅटरी संपते. काही मुलांचा श्रवणतंतूच अपुरा असतो आणि यंत्र बसूनही फारसे साधत नाही. या सगळ्या वेळांना त्या मुलाने कोणत्या भाषेत विचार करायचा आणि कोणत्या भाषेत आईला ‘पोट दुखते’ म्हणून सांगायचे? घरात वीज आली म्हणून कुणी कंदील फोडून टाकीत नाही. कोकणात तर नाहीच नाही.

आणि हे सांगताना दुसऱ्या टोकाच्या मंडळींनाही मला सोडायचे नाही. अमेरिकेतल्या बहिऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेने १९९१ साली लहान मुलांत यंत्र बसवण्यास कडाडून विरोध केला होता. हा आमच्या समाजावर, आमच्या भाषेवर घाला आहे असे तिचे म्हणणे होते. २००० साली तिने ती भूमिका पुष्कळ सौम्य केली. तो विरोध मला समजतो, कारण छड्या त्यांच्या हातांवर बसल्या होत्या. पण ज्या तालुक्यात बहिऱ्या मुलांची शाळा नाही, खूणभाषा जाणणारा एक माणूस नाही, बहिऱ्यांचा ‘समाज’ म्हणून जमेल असे चार जण नाहीत, तिथल्या काजू सोलणाऱ्या आईला ‘तुझ्या मुलीच्या संस्कृतीवर घाला घालू नकोस’ असे सांगणे हे पोट भरलेल्याचे तत्त्वज्ञान झाले. तिने यंत्र मागितले ते योग्यच केले. यंत्रही द्या आणि हातांची भाषाही द्या. एका मुलाला दोन भाषा झेपत नाहीत असे मालवणी, मराठी, हिंदी आणि मोडकी इंग्रजी सर्रास बोलणाऱ्या मुलखात कुणी सांगावे, याला काय म्हणावे!

कायद्याने हे सारे केव्हाच मान्य केलेले आहे. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा सांगतो की बहिऱ्या मुलाला त्याला सर्वांत योग्य अशा भाषेतून आणि माध्यमातून शिक्षण मिळाले पाहिजे. दिल्लीत २०१५ पासून भारतीय खूणभाषेची संशोधनसंस्था आहे. तिने २०२१ पर्यंत दहा हजार शब्दांचा कोश तयार केला. २०२० च्या शैक्षणिक धोरणातही खूणभाषेचा उल्लेख आहे. कोश दिल्लीत, धोरण पुस्तकात आणि मुलगी मागच्या बाकावर. परीक्षेत तिला जास्तीचा वेळ द्यावा म्हणून तिची आई अर्ज घेऊन आली, तेव्हा एका जबाबदार गृहस्थांनी विचारले, ‘आता यंत्र आहे ना? मग सवलत कशाला?’ चष्मेवाल्याला हा प्रश्न विचारला असता तर चालले असते; चष्म्याने दिसते. कुबडी घेतलेल्या मुलाला शर्यतीत पळ म्हणून कुणी सांगत नाही. पण कानामागचे यंत्र हे चष्मा आहे की कुबडी, एवढासुद्धा विचार कुणी केलेला नसतो. ‘बरा झाला’ म्हटले की विचाराचे कारणच उरत नाही.

काय करावे, असे विचारणारे वाचक असतील तर त्यांच्यासाठी सांगतो. यातले बरेचसे फुकट आहे. मुलाला पहिल्या बाकावर, यंत्राचा कान मास्तरांकडे येईल असे बसवावे. फळ्याकडे तोंड करून बोलू नये. मिशा ओठांवर लोंबू देऊ नयेत (हे मी स्वतः पाळतो). मास्तरांच्या गळ्यात अडकवायचा एक छोटा माईक मिळतो. तो बोलणे थेट यंत्रात पोचवतो, गोंगाट बाजूला राहतो. तो फुकट नाही, पण आमच्या शाळेच्या प्रवेशद्वाराच्या कमानीपेक्षा स्वस्त आहे. लेझीम आणि ढोल यांत या मुलांना पुढे घ्यावे, कारण ठेका त्यांना चांगला समजतो. गाण्याच्या सुरांचे बारकावे यंत्रातून पोचत नाहीत, म्हणून समूहगीतात उगाच ओठ हलवायला उभे करू नये. जिल्ह्याच्या ठिकाणी यंत्राचे सूर जुळवणारा एक माणूस नेमावा. सुटे भाग आणि नवे यंत्र यांची तरतूद पहिल्या सहा लाखांच्या बरोबरच करून ठेवावी, मूल अठरा वर्षांचे होईपर्यंत तरी. हे सरकारचे काम आहे आणि ते दानधर्म म्हणून नको.

खूणभाषेपुरते बोलायचे तर गेल्या जूनपासून मी चित्रकलेच्या तासाची शेवटची दहा मिनिटे त्यासाठी ठेवली आहेत. दिल्लीच्या संस्थेची चित्रफीत मोबाइलवर लावायची आणि सगळ्या वर्गाने हात हलवायचे. शिकवणारा मीही त्यांच्याबरोबरच शिकतो आहे. सत्तरेक खुणा झाल्या. मुलांना ही गोष्ट भलतीच आवडली, कारण त्यामुळे तासाला न बोलता गप्पा मारता येतात असा शोध त्यांना लागला. इतिहासाच्या बाईंनी तशी तक्रारही केली. मुलगी प्रथम आठ-दहा दिवस हात खिशातच घालून बसली होती. मग एके दिवशी तिने मागच्या बाकावरून पुढच्या रांगेतल्या मैत्रिणीला खुणेने काहीतरी विचारले आणि दोघी खुदकन हसल्या, एकाच वेळी. काय विचारले ते मला कळले नाही. ती खूण अजून माझी शिकून व्हायची आहे.

गणेशोत्सवानंतरच्या पालकसभेत एक गृहस्थ उठून म्हणाले, ‘चित्रकलेच्या तासाला हे मुक्याबहिऱ्यांचे प्रकार कशाला? आमची मुले बरी आहेत.’ शाळेने तो मुद्दा लिहून घेतला असून, दहा मिनिटे चालू ठेवावीत की नाही याचा निर्णय दुसऱ्या सत्राच्या सुरुवातीला व्हायचा आहे.